नदी स्वच्छ करणाऱ्यांचा ताप

बंगालच्या उपसागरात तयार झालेले कमी दाबाचे क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड ओलांडून पूर्व विदर्भावर आले की गोंदिया जिल्ह्यातील नदी-नाले एक-दोन दिवसांत पात्र सोडतात. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले आणि वैनगंगेच्या महापुराने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांना तडाखा दिला. असा पूर ओसरतो तेव्हा मागे बरेच काही ठेवून जातो. पुलाच्या खांबांना अडकलेली झाडे, काटेरी फांद्यांवर लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, फुटक्या बाटल्या, मेलेली जनावरे आणि या सगळ्यावर गाळाचा जाड थर.

मग येणाऱ्या रविवारी गावातील तरुण मंडळे, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, बचत गटांच्या महिला फावडी-घमेली घेऊन काठावर जमतात. ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१मध्ये चिपळूण-महाडला पूर ओसरल्यावर राज्यभरातून मदतीचे हात पोहोचले होते. हा उत्साह मोलाचा आहे, तो टिकला पाहिजे. त्यासाठीच या कामातील आरोग्याच्या धोक्यांकडे नीट पाहायला हवे. नदी म्हटले की बुडण्याची आणि सापाची भीती सर्वांच्या मनात असते. ती रास्तच आहे. पण आणखी एक धोका त्या दिवशी दिसत नाही. तो आठ-दहा दिवसांनी, श्रमदानाची छायाचित्रे मोबाइलमध्ये मागे पडल्यावर, साध्या तापाच्या रूपाने येतो आणि म्हणूनच अनेकदा ओळखू येत नाही.

भातशेतीचा ताप

या तापाचे पहिले नाव लेप्टोस्पायरोसिस. मुंबईच्या बातम्यांमुळे तो महानगरातल्या उंदरांचा आजार आहे असा समज रुजला आहे. प्रत्यक्षात उंदीर-घुशींबरोबरच गायी-म्हशी, डुकरे आणि कुत्रीही लेप्टोस्पायरा हा जिवाणू लघवीवाटे बाहेर टाकतात. ओलसर माती आणि साचलेल्या पाण्यात तो काही आठवडे तग धरतो. कडक ऊन आणि कोरडेपणा मात्र त्याला सोसत नाही. या आजाराचे एक जुने नावच मुळी 'भातशेतीचा ताप' असे आहे. धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियाने तरी तो परका मानू नये.

फुलचूरसारख्या गोंदिया शहराला लागून असलेल्या गावात तर ग्रामीण आणि शहरी अशी दोन्ही कारणे एकत्र येतात. एका बाजूला धानाच्या बांध्या आणि गुरांचे गोठे, दुसऱ्या बाजूला वाढत्या शहराच्या नाल्या आणि कचरा. पुरात गोठा, नाली, उकिरडा आणि नदी यांतील सीमा पुसल्या जातात. शहरालगतची पांगोली असो की पुढची बाघ आणि वैनगंगा, पूर ओसरल्यावर काठावर राहिलेल्या डबक्यांत आणि गाळात हे सगळे मिसळलेले असते.

जिवाणू शरीरात शिरण्यासाठी मोठी जखम लागत नाही. काटा टोचलेला, खरचटलेले, दाढी करताना कापलेले, बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या एवढे पुरते. तासन्‌तास पाण्यात भिजून मऊ पडलेली त्वचा आणि शिंतोडे उडालेले डोळे, नाक, तोंड याही त्याच्या वाटा आहेत. लागण झाल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत थंडी वाजून ताप येतो, डोके ठणकते, पोटऱ्या आणि कंबर इतकी दुखते की चालणे नकोसे होते. डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. बहुतेकांचा आजार इथेच थांबतो. काहींना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते, थुंकीतून रक्त पडते. मूत्रपिंडे किंवा फुप्फुसे निकामी होण्याची ती सुरुवात असते आणि तिथून पुढे रुग्णाला वाचवणे अवघड जाते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोची साथ आली. ऑगस्ट २०१८च्या महापुरात केरळमध्ये चारशेहून अधिक लोक दगावले आणि पाणी ओसरल्यावर तिथेही हीच साथ पसरली. बचाव आणि सफाईच्या कामातील लोकांना प्रतिबंधक गोळ्या देण्याची मोहीमच तिथल्या आरोग्य विभागाला हाती घ्यावी लागली. मुंबई महापालिका दर पावसाळ्यात नागरिकांना जी सूचना देते, तिच्यात पाण्यातून एकदा चालून गेलेला माणूस आणि सफाईसाठी पाण्यात राहिलेला माणूस यांत फरक केलेला असतो. दुसरा अधिक जोखमीच्या गटात मोडतो. नदी स्वच्छ करणारा स्वयंसेवक नेमका याच गटातला.

झुडपांतला दुसरा ताप

पाण्यात पाय न घालता फक्त काठावरची झुडपे साफ करणारा सुरक्षित असतो, असेही नाही. गवत आणि झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका किडीची पिल्ले माणसाला चावतात तेव्हा स्क्रब टायफसचे जंतू शरीरात शिरतात. २०१८च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि तोवर फारसे कुणाच्या तोंडी नसलेले हे नाव घरोघरी पोहोचले.

हा ताप सहसा चाव्यानंतर दहा-बारा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनीही येतो. चाव्याच्या जागी अनेकदा सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही. शिवाय ती काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, स्तनांखाली किंवा कानामागे असते. त्यामुळे ना रुग्णाला पत्ता लागतो, ना घाईत तपासणाऱ्या डॉक्टरला. खपली नसली म्हणून हा आजार नाहीच, असेही म्हणता येत नाही.

इथे मोहिमांचे वेळापत्रक लक्षात घेण्यासारखे आहे. 'स्वच्छता ही सेवा' अभियान दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यापासून गांधी जयंतीपर्यंत चालते. गणेश विसर्जनानंतरची घाटसफाईही आगेमागे याच सुमारास होते. परतीच्या वाटेवरचा पाऊस, उभे धान, कमरेएवढे वाढलेले गवत आणि स्क्रब टायफसचा हंगाम हे सारे त्याच पंधरवड्यात जुळून येते. म्हणजे सर्वाधिक माणसे ज्या दिवसांत काठावर उतरतात, तेच दिवस जोखमीचे असतात.

एक वाक्य जे सांगितले जात नाही

असा ताप घेऊन माणूस दवाखान्यात जातो तेव्हा काय घडते? पावसाळ्यात बाह्यरुग्ण विभागात तापाच्या रुग्णांची रांग लागलेली असते. गोंदियात हिवताप आणि डेंग्यू दोन्ही आहेत, त्यामुळे आधी त्यांच्या तपासण्या होतात. त्या नकारात्मक आल्या की 'व्हायरल' म्हणून गोळ्या दिल्या जातात. लेप्टो आणि स्क्रब टायफसच्या नेहमीच्या रक्ततपासण्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे शोधतात आणि ती पुरेशी तयार व्हायला आठवडाभर लागतो. तिसऱ्या दिवशी केलेली तपासणी 'नाही' म्हणते, आजार मात्र असतो.

म्हणून या दोन्ही आजारांत डॉक्टरच्या मनात वेळेवर शंका येणे हाच निदानाचा कणा आहे. ही शंका आणून देणारे वाक्य फक्त रुग्णच सांगू शकतो: 'दहा दिवसांपूर्वी मी नदीच्या सफाईला गेलो होतो.' शेतात चिखलात काम करणाऱ्याला डॉक्टर त्याविषयी कदाचित स्वतःहून विचारतील. पण बँकेत नोकरी करणारा, महाविद्यालयात शिकणारी मुलगी किंवा शिक्षक पुराच्या गाळात उतरला असेल, हे त्यांच्या ध्यानात येईलच असे नाही. रुग्णालाही त्या रविवारचा आणि या तापाचा संबंध जोडता येत नाही, कारण मध्ये आठवडा चांगला गेलेला असतो.

या एका वाक्याने उपचार बदलतो. डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध दोन्ही आजारांवर चालते. लेप्टोवर पेनिसिलिन आणि सेफ्ट्रिअॅक्झोन ही इंजेक्शनेही लागू पडतात. स्क्रब टायफसवर मात्र या दोन इंजेक्शनांचा उपयोग होत नाही. त्यामुळे 'तीन दिवस इंजेक्शन घेतले, तरी ताप उतरत नाही' ही तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाची काळी खपलीसाठी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी व्हायला हवी. आणखी एक काळजी म्हणजे अंगदुखी असह्य झाली म्हणून स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. लेप्टोत या वेदनाशामकांनी मूत्रपिंडांवरचा ताण वाढतो आणि डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका. तापासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल पुरेसे असते.

गोळी आधीच घेतली तर?

प्रतिबंधक गोळीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकी सैनिकांवर झालेला एक अभ्यास १९८४मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांत लेप्टोचा एकच रुग्ण निघाला, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत वीस. पुढे अंदमानात साथीच्या काळात झालेल्या अभ्यासाने चित्र थोडे बदलले. गोळीने लागण थांबली नाही, मात्र आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले.

या दोन्हींचा अर्थ असा की गोळी उपयोगी आहे, पण ती चिलखत नाही. पुराच्या पाण्यात किंवा गाळात प्रत्यक्ष काम करावेच लागणार असेल, तर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांचा सल्ला कामाआधी घ्यावा. आयत्या वेळी पाण्यात उतरावे लागले असेल तर तो ७२ तासांच्या आत घ्यावा. गर्भवती आणि आठ वर्षांखालील मुलांना हे औषध सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी पर्याय डॉक्टर ठरवतात. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. हिच्यामुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखीही होऊ शकते. संयोजकाने चहाबरोबर सर्वांना सरसकट वाटावी अशी ही गोळी नाही. आणि गोळी घेतली म्हणून अनवाणी चिखलात उतरणे हा तर शुद्ध वेडेपणा ठरेल.

आधी काठ कोरडा होऊ द्यावा

सर्वांत परिणामकारक प्रतिबंध फुकटचा आहे: थांबणे. पूर ओसरल्याच्या दुसऱ्याच दिवशी नदी स्वच्छ केल्याने नदीचे फारसे भले होत नाही. माणसांचा धोका मात्र वाढतो. सहा इंच खोलीचे वेगवान पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते. वर धरण असेल तर पाऊस थांबल्यावरही पातळी वाढू शकते. बाघ नदीच्या खोऱ्यात सिरपूर, पुजारीटोला, कालीसरार ही धरणे आहेत. त्यांची दारे उघडणार आहेत का, याची चौकशी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाकडे १०७७ या क्रमांकावर करूनच दिवस ठरवावा. चार दिवस ऊन पडून काठ वाळला की घसरण्याचा धोका घटतो, जंतूंचे प्रमाणही कमी होते.

काम काठावरचे घ्यावे, प्रवाहातले नाही. पुलाला अडकलेली झाडे आणि ओंडके काढणे हे यंत्राचे आणि प्रशिक्षित माणसांचे काम आहे. एक ओंडका सुटला की मागचा सगळा ढीग अंगावर येतो. तुटलेली वीजतार दिसली तर सर्वांनी मागे हटावे आणि १९१२ला कळवावे. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट ग्रामपंचायतीवर सोडावी. कीटकनाशकांचे डबे आणि बाटल्या उघडू नयेत, वास घेऊन 'काय आहे' हे पाहू नये. इंजेक्शनच्या सुया हातमोजे घातलेल्या हातानेही उचलू नयेत. चिमट्याने उचलून जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकाव्यात आणि आरोग्य केंद्राकडे द्याव्यात.

पायात गमबूट, हातात जाड रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, मोज्यांत खोचलेली पँट आणि डोळ्यांना साधा चष्मा एवढा जामानिमा पुरेसा आहे. गमबूट काठासाठी आहेत. खोल पाण्यात ते भरतात आणि माणसाला खाली ओढतात. वाळलेल्या गाळाची धूळ उडत असेल तर नाकातोंडावर मास्क हवा. कचरा हाताने न उचलता लांब दांड्याच्या पंजाने आधी हलवावा, कारण पुराने बिळांतून बाहेर काढलेले साप याच ढिगांचा आसरा घेतात. साप चावलाच तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांपैकी काहीही न करता, चावलेला अवयव न हलवता, १०८ रुग्णवाहिकेने थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर तेच एक प्रतिविष चालते. साप मारून सोबत आणण्याची गरज नाही.

जखम झाली तर ती लगेच साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवावी. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर मळकट जखमेनंतर ती पुन्हा घ्यावी लागते. काम संपल्यावर घरी जाईपर्यंत न थांबता तिथेच हातपाय धुवावेत, कोरडे करावेत आणि मगच नाश्त्याला हात लावावा. घरी अंघोळ करताना काखा, जांघा, कंबर नीट घासावी आणि कपडे वेगळे धुवावेत.

कोणी काठाबाहेरच राहावे

पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. सिकलसेलच्या रुग्णाला थंड पाण्यात भिजणे, उन्हात घाम गाळून शरीरातील पाणी कमी होणे आणि जंतुसंसर्ग यांपैकी कोणतीही गोष्ट तीव्र वेदनांच्या झटक्याला निमंत्रण ठरू शकते. सफाईच्या दिवशी या तिन्ही एकत्र येतात. हत्तीरोगाने सुजलेल्या पायाच्या भेगांतून जंतू सहज आत जातात. जुन्या मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्याला काच रुतल्याचे कळतच नाही. गर्भवती, मूत्रपिंड किंवा यकृताचे रुग्ण आणि पायावर उघडी जखम असलेले यांनीही गाळात उतरू नये. शाळकरी मुलांना तर शिबिराच्या नावाखाली पूरकाठी नेऊच नये. या सर्वांना नोंदणी, पाणी-सरबत, कोरड्या जागेवर कचऱ्याचे वर्गीकरण, लोकांशी बोलणे अशी कितीतरी कामे देता येतात आणि तीही नदीचीच कामे आहेत.

यादी आणि दोन फोन

राज्य शासनाने २०२२मध्ये 'चला जाणूया नदीला' हे अभियान सुरू केले. त्यामुळे गावोगावी नदीबद्दल बोलणारी माणसे एकत्र आली. अशा प्रत्येक उपक्रमात बॅनर, टोप्या आणि अल्पोपाहाराची तरतूद असते. आता तीत एका वहीची भर पडायला हवी. आलेल्या प्रत्येकाचे नाव आणि फोन क्रमांक तीत लिहावा. जवळच्या आरोग्य उपकेंद्राला आणि आशाताईंना श्रमदानाची तारीख आधीच कळवावी. सातव्या आणि चौदाव्या दिवशी प्रत्येकाला एक फोन किंवा निरोप जावा: 'ताप आहे का? असल्यास आजच दवाखान्यात जा आणि नदीच्या कामाला गेल्याचे सांगा.' तीन आठवड्यांपर्यंत ही सावधगिरी ठेवावी. एकाच गटातले दोघे-तिघे तापाने पडले तर आरोग्य विभागालाही साथीची चाहूल लवकर लागते.

ही वही ज्यांच्यासाठी सर्वाधिक गरजेची आहे ते लोक मात्र श्रमदानाच्या छायाचित्रात सहसा नसतात. स्वयंसेवक वर्षातून एक-दोनदा गाळात उतरतो. नगरपरिषदेचे आणि ग्रामपंचायतीचे सफाई कामगार नाल्या उपसायला पावसाळाभर उतरतात, कित्येकदा हातमोजे आणि गमबुटांशिवाय. रविवारच्या पाहुण्यांसाठी आणलेले साहित्य सोमवारी त्यांच्या हाती दिले, त्यांची नावे त्याच यादीत घातली आणि त्यांच्या तापाचीही तशीच चौकशी केली, तर त्या श्रमदानाचा लाभ नदीच्या काठापलीकडे पोहोचेल.